शेजाऱ्याची कुत्री रात्रभर भुंकतात: बोलावं, घर बंद करावं, समितीत जावं की ठाण्यात?

माझी लहान बहीण दिग्रसकडे दिली आहे. मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला तिचा फोन आला तर तिच्या बोलण्यापेक्षा मागचं भुंकणंच जास्त ऐकू येत होतं. शेजारी चार कुत्री, तिचं बाळ आठ महिन्यांचं, झोपवलं की दचकून उठते, परत झोपवलं की परत उठते, आणि आमचे जावई म्हणून राहिले की बस झालं, उद्या ठाण्यात जाऊन रिपोर्टच देतो. ती रडवेली होऊन विचारत होती, "ताई, जाऊ देऊ का यांना?" मी फोनवर घाईघाईत काहीतरी सांगितलं पण मग मन लागेना, कारण दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही दोन वर्षं हेच भोगलंय आणि कोर्ट सोडून बाकी सगळं करून पाहिलंय, म्हणून तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या अजून कोणासाठी सगळे रस्ते एकाजवळ एक ठेवून लिहिते.

गावातला शेजारी म्हणजे नुसता भिंतीपलीकडचा माणूस नसतो. आमच्या शेजारच्या काकाजींच्या घराला आमची भिंत लागून आहे, त्यांचं वावर आमच्या धुऱ्याला लागून आहे, आमचा ओलिताचा पाइप त्यांच्या बांधावरून जातो आणि सासूबाईंच्या छातीत रात्री दुखायला लागलं तेव्हा त्यांच्याच पोराने ऑटो काढून यवतमाळला नेलं होतं. म्हणून मी प्रत्येक रस्त्याला चार गोष्टी विचारते: पैसा किती, दिवस किती, भुंकणं खरंच कमी होते का, आणि उद्या धुऱ्यावर समोरासमोर आलो तर बोलता येईल का. हा चौथा प्रश्न आम्ही आधी विचारलाच नव्हता आणि त्याची किंमत आम्ही चांगली मोजली.

आमचा क्रम उलटा झाला. एका रात्री एक वाजता यांनी भिंतीवरून ओरडून सांगितलं की कुत्री आवरा, काकाजी पलीकडून म्हणाले, "कुत्रं भुकनार नाई तं काय गाईन?" मग चार महिने बोलणं बंद. मग मशीन आणली. मग ठाणं. मग कुठे मला सुचलं की कुत्री नेमकी कधी आणि कशासाठी भुंकतात हे आपण एकदाही पाहिलं नाही. तुम्ही मात्र इथूनच सुरुवात करा, दहा दिवस एक वही ठेवा, तारीख, किती वाजता, किती वेळ, कोणतं कुत्रं, आणि तेव्हा बाहेर काय चालू होतं. पुढे कोणताही रस्ता घेतला तरी ही वही कामी येते, बोलायला पण आणि तक्रारीला पण.

आमच्या वहीत तीन वेगवेगळी भुंकणी निघाली. रात्री 10 ते 12 मधलं सगळं काकाजींच्या तीन कुत्र्यांतल्या मोत्याचं, तो दिवसभर आमच्याच भिंतीला लागून खुंट्याला दोन हात साखळीने बांधलेला, आणि आमच्या अंगणात कोणी पाणी प्यायला उठलं तरी सुरू व्हायचा. अडीचच्या सुमाराला तिन्ही कुत्री मिळून भुंकायची, पण रोज नाही, ओलिताची लाइन रात्रीची असली की ज्या दिवसांत माणसं बॅटऱ्या घेऊन वावरात जातात त्याच दिवसांत. आणि पहाटे चारनंतरचं रडण्यासारखं भुंकणं काळीचं, ती पिल्लांवर होती आणि तिला भाकर मिळायची ती सकाळी सातला. म्हणजे ज्याला आम्ही दोन वर्षं "कुत्र्यांचा त्रास" म्हणत होतो ते एक दुखणं नव्हतंच, तीन होती, आणि तिघांचं औषध वेगळं.

आता पहिला रस्ता, बोलणं. पैसा जवळजवळ शून्य, दिवस दोन-तीन आठवडे, आणि कारण सापडलं असेल तर सगळ्यात जास्त गुण याचाच. फक्त कोण बोलते, कधी बोलते आणि पहिलं वाक्य काय, यावर सगळं आहे. रात्री बोलू नका, झोपमोड झालेला माणूस भांडतोच. पुरुष पुरुषांत बोलले की तो इज्जतीचा प्रश्न होतो, निदान आमच्याकडे तरी. मी काकूंना दुपारी गाठलं, त्या अंगणात तूर निवडत होत्या, मी पण सूप घेऊन बसले आणि म्हटलं, "काकू, मोत्या रात्री लय भुकते, दुखते का काही त्याले?" काकू म्हणाल्या, "अवं बाई, आमालेबी कोठं झोप हाय! सोडलं का लोकाच्या बकऱ्याइवर जाते, म्हनून बांधून ठेवतात हे." बघा, मला वाटायचं यांना काही ऐकूच येत नाही, आणि ते बिचारे आमच्याइतकेच जागे होते.

मग दोन्ही घरांनी मिळून खुंटा आमच्या भिंतीपासून काढून कोठ्याच्या पलीकडे नेला. दोन खांबांत तार ताणली आणि साखळीची कडी त्या तारेत ओवली म्हणजे मोत्याला वीस-पंचवीस फूट इकडेतिकडे फिरता येते, तार आणि कडी मिळून तीनशेच्या आत झालं आणि ते पैसे आम्ही दिले. संध्याकाळी माझा पोरगा त्याला दोरीला धरून वावरापर्यंत फिरवून आणायला लागला. काळीला रात्री नऊला भाकर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, म्हणजे दहा फुटांवरचं कुत्रं चाळीस फुटांवर गेलं की 12 डेसिबल कमी, आणि कानाला तो निम्म्याहून कमी वाटतो. पण खरा फरक अंतराने कमी आणि मोकळं झाल्याने जास्त पडला असं मला वाटते. दिवसभर आखूड साखळीला बांधलेलं कुत्रं भुंकेल नाही तर करेल काय, त्याच्याकडे दुसरं कामच नाही. तीन आठवड्यांत रात्रीचं पहिलं भुंकणं जवळपास थांबलं, पहाटेचं त्याच्याही आधी.

अडीचचं थांबलं नाही. ते थांबवायचं पण नाही असं आम्ही ठरवलं, कारण ते त्यांचं काम आहे, आमच्या सांदवाडीत डुक्करं शिरलेली एकदा त्याच भुंकण्याने कळली. 2018 मध्ये राळेगाव-पांढरकवड्याकडे वाघिणीची दहशत होती तेव्हा तिकडच्या लोकांना विचारा, कुत्रं भुंकलं की माणूस सावध व्हायचा, गप्प झालं की जास्त भीती. जंगलाच्या काठावरच्या गावात कोणी कुत्री अजिबात गप्प करायचं म्हणत असेल तर मी म्हणेन की थांबा, आधी विचार करा.

बोलणं कुठे चालत नाही? जिथे शेजारी म्हणतो, "माही नाहीत ते, मी फक्त भाकर टाकतो." आपल्या गावात निम्मी कुत्री अशीच, अर्धी घरची अर्धी गल्लीची. मालकच नाही तर खुंटा कोणाचा हलवणार. अशा कुत्र्यांना उचलून दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडून यायचं असं लोक सुचवतात, ते करू नका. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी करून, रेबीजची लस देऊन त्यांना परत त्याच जागी सोडायचं असते आणि ती जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीची पण. गावात अशी सोय पोहोचलेली मी पाहिली नाही, पण ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून, चार घरांनी वर्गणी करून निदान माद्यांचं तरी करून घेता आलं तर भादव्यातला गोंधळ नक्की कमी होईल, त्या महिन्यात एका मादीमागे दहा कुत्री गल्लीत जी रात्र काढतात ती कोणत्याच बोलण्याने थांबत नाही. पण घराची राखण करणारं कुत्रं नसबंदीने भुंकायचं थांबेल अशी आशा ठेवू नका, तो त्यावरचा उपाय नाही.

दुसरा रस्ता, आपलं घर बंद करणं. यात कोणाला काही विचारावं लागत नाही, नातं बिघडत नाही, म्हणून हा पहिल्या रस्त्यासोबतच सुरू करा. आवाज फटीतून येतो, भिंतीतून कमी. आमच्या टिनाच्या आणि भिंतीच्या मधे चार बोटं मोकळी जागा होती, ती बुजवली, खिडकीच्या झडपांना रबराची पट्टी लावली, फरक पडला. गोधडीचा पडदा लावला होता त्याने काही झालं नाही, नुसता अंधार झाला. पण विदर्भातला उन्हाळा माहीत आहे तुम्हाला, एप्रिल-मे मध्ये सगळं बंद करून झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं, आणि अंगणात बाज टाकणाऱ्याला खिडकीच्या पट्टीचा काय उपयोग. आत झोपता येत असेल तर कूलर आहेच, त्याच्या घोंघों आवाजात बाहेरचं भुंकणं बरंच बुडते, आणि थंडीत टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावला तरी तेच काम करतो. बारावीच्या परीक्षेच्या वेळी पोरीने मेडिकलमधून फोमचे कानातले बोळे आणले होते, मोठ्या माणसाला ते बरे, पण लहान बाळाच्या कानात काही घालायचं नाही आणि बाळाच्या आईनेही रात्री घालू नयेत, बाळाचं रडणंच ऐकू येणार नाही.

कुंपणाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. तुराट्यांचं कुड आवाज अडवत नाही, आवाज अडवायला जड आणि फट नसलेली भिंत लागते. पण कुड नजर अडवते, आणि नजर अडली की कुत्र्याला आपल्या अंगणातली हालचाल दिसत नाही, भुंकायचं निमित्तच जाते. तूर निघाली की तुराट्या फुकट असतात, जाड कुड घाला, माणसाच्या उंचीचं. पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचं, मात्र घालू नका, त्यात गुलाबी बोंडअळी राहते आणि पुढच्या वर्षी आपल्याच कपाशीवर येते.

मशीनबद्दल थोडक्यात. ऑनलाइन मिळते ती, माणसाला ऐकू न येणारा बारीक आवाज काढते, माणसाचा कान 20 हजार हर्ट्झपर्यंत आणि कुत्र्याचा त्याच्या दुपटीहून वर ऐकतो म्हणून. आम्ही पंधराशेची आणली. तीन दिवस कुत्री बावरली, चौथ्या दिवशी मशीनकडेच पाहून भुंकायला लागली. तो आवाज भिंतीतून जात नाही, काही फुटांपलीकडे पोचत नाही, आणि चोर आला म्हणून भुंकणारं कुत्रं आणि उगाच भुंकणारं कुत्रं त्याला सारखंच. झटका देणारे पट्टे पण मिळतात, ते मी घेणार नाही आणि कोणाला घ्या म्हणणार नाही, मुक्या जनावराला घाबरून भुंकलं म्हणून अजून घाबरवायचं हे मला पटत नाही. तेवढ्याच पैशात तार आणि कडी येते.

तिसरा रस्ता गावातलाच पण चार लोकांसमोरचा: पोलीस पाटील, तंटामुक्त समिती, ग्रामसभा. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली, तेव्हापासून गावोगाव समित्या आहेत, काही ठिकाणी जाग्या आहेत आणि काही ठिकाणी फक्त पाटीवर, ते तुमच्या गावात पाहून घ्या. पैसा लागत नाही, पंधरा दिवस ते महिना लागतो, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ठरलेलं कागदावर येते, दोघांच्या सह्या, साक्षीदारांच्या सह्या. आमच्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एक घर रात्री सात-आठ मोकाट कुत्र्यांना खायला टाकायचं, बोलून झालं होतं, ऐकत नव्हते, तर समितीत बसून एवढंच ठरलं की खायला टाकायचं ते गल्लीत नाही, पाण्याच्या टाकीपलीकडे, आणि अंधार पडायच्या आत. दोन्ही बाजूंचा मान राहिला. याचा धोका असा की समितीतला कोणी त्या घरचा सोयरा असला की न्याय तिकडे झुकतो, आणि बाईचं म्हणणं मधेच तोडतात, म्हणून एकटं जाऊ नका, त्रास होणारी चार-पाच घरं सोबत घ्या आणि वही घेऊन जा. पहिलं बोलणं फसलं असेल तर माझी पसंती याला आहे, ठाण्याच्या आधी.

आता ठाणं, ज्यासाठी जावई कपडे घालून बसले आहेत. आम्ही गेलो होतो. तिथे ऐकून घेतलं, एनसी लिहिली, काकाजींना एक फोन गेला. चार दिवस शांत. पाचव्या दिवसापासून तेच, आणि वरून काकाजींनी सांगितलं की पाइप आमच्या बांधावरून काढा. ऐन हरभऱ्याच्या ओलितात. त्या वर्षी आमचा अर्धा हरभरा वाळला, आणि भुंकणं तेवढंच राहिलं. मी ठाण्याला दोष देत नाही, कायदाच तसा आहे. एनसी म्हणजे अदखलपात्र, त्यात पोलिसांना कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. सार्वजनिक उपद्रवाला भारतीय न्याय संहितेच्या कलम 292 खाली दंड आहे तो जास्तीत जास्त 1000 रुपये, आणि उपद्रव "सार्वजनिक" आहे हे दाखवावं लागते, एकाच घराला त्रास असेल तर ते बसत नाही. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली अर्ज करता येतो, तिथे पण समाजाला त्रास आहे हे लागतेच. एकट्या घराचा त्रास असेल तर दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागायचा, त्यात वकिलाचे पैसे आणि तारखांवर तारखा.

ध्वनी प्रदूषण नियम 2000 चे आहेत, राहत्या भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 मध्ये 45 डेसिबल ही मर्यादा, आणि त्याहून 10 किंवा जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते. ऐकायला सोपं वाटते, कारण जवळून कुत्र्याचं भुंकणं 80 च्या वर सहज जाते. पण ती मर्यादा सरासरी आवाजाची आहे, एखादं भुंकणं मर्यादेच्या वर गेलं एवढ्याने भागत नाही, आणि मोबाईलवरचं ॲप फक्त अंदाजाला बरं, पुरावा म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका. एक कायदा मात्र मोत्यासारख्या कुत्र्यांच्या बाजूचा आहे, 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, कलम 11: सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही किंवा उगाच आखूड साखळीला फार वेळ ठेवलं तर तो मालकाचा गुन्हा. पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये, म्हणजे धाक काहीच नाही, पण बोलताना सांगायला चांगलं, की काका, त्याला मोकळं करा, कायदा पण हेच म्हणतो.

असं असलं तरी काही वेळा पहिल्याच दिवशी ठाण्यात जायचं. कुत्रं चावलं किंवा रस्त्यात अंगावर येते आणि मालक आवरत नाही, तिथे न्याय संहितेचं कलम 291 आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि चावलं असेल तर आधी जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवून सरकारी दवाखान्यात, ठाणं नंतर. मालक धमकी देतो, शिव्या देतो, मुद्दाम कुत्रं सोडतो, तिथे रात्री 112 लावायला कमीपणा मानू नका. आणि शेजारी जर पिल्लं विकायचा धंदा करत असेल, पिंजऱ्यात दहा-दहा कुत्री, तर ती शेजाऱ्यांतली गोष्टच राहत नाही, 2017 च्या नियमांप्रमाणे असा धंदा करायला राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, तिथे लेखी अर्जच करा.

आणि जे कोणी हळू आवाजात सुचवते ना, की भाकरीत औषध टाका, एका रात्रीत विषय संपते, त्यांना घरातून उठवा. न्याय संहितेचं कलम 325, जनावराला मारणं, विष देणं, लुळं करणं, पाच वर्षांपर्यंत कैद. त्याहून मोठं म्हणजे ती भाकर कुत्र्याने अर्धी खाऊन अंगणात टाकली तर कोंबडी खाईल, शेजारचं रांगणारं लेकरू तोंडात घालेल. आमच्या गावात असं एक कुत्रं तडफडत मेलेलं मी पाहिलंय, तो आवाज मला अजून येतो, भुंकण्याचा आवाज त्यापुढे काहीच नाही.

तर बहिणीला माझं सांगणं असं आहे. तुझ्या शेजारच्या कुत्र्यांना मालक आहे, वावर त्यांच्या धुऱ्याला लागून आहे आणि अजून भांडण झालेलं नाही, म्हणजे आमच्याहून तू चांगल्या जागी आहेस. दहा दिवस वही, तोवर बाळाची झोळी रस्त्याकडच्या खोलीतून मागच्या खोलीत ने आणि फॅन लाव. मग दुपारी त्यांच्या घरच्या बाईशी बोल, तक्रार म्हणून नाही, विचारपूस म्हणून. महिना जाऊ दे. नाही फरक पडला तर चार घरं घेऊन समितीत, कागद करून घे. त्यानंतरही नाही तर जावयांना म्हणावं आता जा ठाण्यात, वही आणि समितीचा कागद दोन्ही घेऊन जा, रिकाम्या हाताने गेलं तर एनसीच होते.

परवा तिचा परत फोन आला होता. वहीचा चौथा दिवस. म्हणे ताई, चार नाही, एकच कुत्रं सुरुवात करते, आणि ते रोज रात्री बरोबर त्याच वेळी, आपले हे ड्युटीवरून गाडीवर घरी येतात त्या वेळी. जावई आता गाडी गल्लीच्या तोंडाशी बंद करून ढकलत आणून पाहणार आहेत.